फराळाचें तबक



दिवाळीच्या दिवसांत आपल्या घरीं येणारा पाहुणा बहुधा भुकेला नसतो. ही गोष्ट आपण सर्वच जाणतों, परंतु त्याच्यापुढें बशी ठेवण्याची वेळ आली म्हणजे हटकून विसरतों. पहांटे अभ्यंगस्नान झाल्यावर त्यानें घरचा फराळ केलेला असतो. वाटेंत बहिणीकडे एक बशी झालेली असते, कचेरींतल्या स्नेह्याकडे दुसरी. आणि आपल्या दारांत तो पाऊल टाकतो तें तिसऱ्या किंवा चवथ्या बशीची धास्ती घेऊनच. आपण त्याला बसवितों, कुशल विचारतों, आणि इतक्यांत आंतून बशी येते. तींत एक बेसनाचा लाडू, एक रव्याचा, दोन करंज्या, दोन चकल्या, मूठभर चिवडा, त्यावर शेव, कडेला चार शंकरपाळे आणि साधलेच असतील तर सर्वांवर एक अनारसा. पाहुणा म्हणतो, "अहो, एवढें नको." आपण म्हणतों, "घ्या हो, एवढ्यानें काय होतंय?" मग तो एक चकली खातो, लाडवाचा तुकडा मोडतो, चिवड्याचे चार घांस घेतो आणि बशी हलकेच बाजूला सारतो. पुढें त्या बशीचें काय होतें तें पाहुण्याला दिसत नाहीं. घरांतल्या गृहिणीला दिसतें.

आपल्याकडे पानांत वाढलेलें अन्न पुन्हां भांड्यांत जात नाहीं. उष्ट्याखरकट्याच्या कल्पनेला चिकटलेलें सोंवळें पुष्कळ घरांतून गेलें, तरी हा नियम मात्र टिकला आहे. आणि टिकला तें चांगलेंच झालें, कारण आरोग्याच्या दृष्टीनें तो शहाणपणाचा आहे. पण त्याचा परिणाम असा होतो कीं, मोडलेल्या लाडवाबरोबर न शिवलेली करंजीही जाते. आपण हिशेब करून पाहा. चार दिवसांत वीस माणसें आलीं आणि प्रत्येकाच्या बशींत एक करंजी व अर्धा लाडू राहिला, तर वीस करंज्या आणि दहा लाडू झाले. सारण भाजणें, पीठ भिजविणें, लाटणें, भरणें, कातणें आणि तळणें एवढें सगळें त्या वीस करंज्यांमागें असतें. म्हणजे कोणाची तरी एक संबंध दुपार त्या बशांबरोबर मोरीवर गेली.

माझी सूचना अगदीं साधी आहे. प्रत्येकाच्या हातीं भरलेली बशी देण्याऐवजीं सर्वांच्या मध्यें फराळाचें एक तबक मांडावें, आणि पाहुण्याच्या हातीं रिकामी बशी द्यावी. ज्याला जें रुचेल, पचेल, तें त्यानें घ्यावें. तबकांत जें उरेल तें चमच्यानें किंवा चिमट्यानें घेतलेलें, म्हणून स्वच्छ. तें पुन्हां डब्यांत जाऊं शकतें.

ऐकतांना हें क्षुल्लक वाटेल. पण घरांतल्या वडील मंडळींपाशीं ही गोष्ट काढून पाहा. "रिकामी बशी हातांत द्यायची? पाहुण्यानें आपल्या हातानें घ्यायचें? मग तें आतिथ्य कसलें?" असा प्रश्न तात्काळ येईल, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आग्रहाच्या पोटांत एक खरी गोष्ट आहे. आपल्या लोकांना मागून घेणें जड जातें. भिडस्त माणूस समोरच्या तबकाकडे पाहात पाणी पिऊन उठून जाईल, पण हात पुढें करणार नाहीं. नव्यानें घरांत आलेली सून, यजमानाच्या हाताखालीं काम करणारा मनुष्य, दूरच्या नात्यांतला विद्यार्थी, यांना तर आग्रह हाच आधार असतो. तेव्हां तबक मांडून यजमानीणबाई स्वस्थ बसल्या, तर तो आळसच ठरेल. यावर तोड अशी कीं, पहिला जिन्नस यजमानिणीनें आपल्या हातानें प्रत्येकाच्या बशींत घालावा: एकच, आणि तोही विचारून. "आधीं गोड कीं तिखट?" एवढा प्रश्न पुरे. एकदां बशी उष्टी झाली कीं संकोच सुटतो आणि हात आपोआप तबकाकडे जातो. शिवाय ही रीत आपल्याला अगदीं परकी आहे असेंही नाहीं. पानसुपारीचें तबक आपण पाहुण्यापुढें धरतों. त्यांतला विडा उचलावयाचा कीं नुसती सुपारी, कीं कांहींच नाहीं, हें आपण त्याच्यावर सोंपवितों. त्यांत कोणाला अनादर दिसत नाहीं. विड्याच्या बाबतींत जो विश्वास आपण पाहुण्यावर टाकतों, तो चकलीच्या बाबतींत टाकण्यास हरकत कोणती?

याहून नाजूक असा एक मुद्दा आहे, आणि माझ्या मतें तोच महत्त्वाचा. भरलेली बशी नाकारावयाची तर कारण द्यावें लागतें. मधुमेह असलेल्याला तो चारचौघांत बोलून दाखवावा लागतो. कोणाला शेंगदाण्याचें वावडें असतें, कोणाला डॉक्टरांनीं मीठ कमी करावयास सांगितलेलें असतें, कोणाच्या कवळीला कडबोळें झेपत नाहीं. सणाच्या दिवशीं, नटूनथटून आलेल्या माणसाला स्वतःच्या दुखण्याची हकीकत सांगावयास लावणें, हा आपल्या प्रेमळ आग्रहाचा दुसरा अर्थ आहे. मधुमेही पाहुण्याच्या बशींतला लाडू काढून त्या जागीं दोन चकल्या अधिक ठेवणाऱ्या यजमानिणी मीं पाहिल्या आहेत. हेतु चांगला, पण तांदुळाच्या पिठाचीही शरीरांत साखरच होते, हें त्या पाहुण्याला ठाऊक असतें, यजमानिणीला नसतें. आपल्याला काय सोसतें याचा हिशेब ज्याचा त्यालाच येतो. तबकासमोर बसलेला मनुष्य एक चकली व काकडीच्या चार फोडी घेईल, गप्पा मारील आणि निघून जाईल. त्यानें लाडू घेतला नाहीं हें कोणाच्या ध्यानींही येणार नाहीं.

'फराळ' हा शब्दच पाहा. तो फलाहारावरून आला. उपासाच्या दिवशीं अन्न वर्ज्य म्हणून जें हलकें खावयाचें तें फराळ. आणि आज त्याच शब्दानें आपण वर्षांतल्या सर्वांत जड खाण्याचा उल्लेख करतों! शब्द बदलले, तसे जिन्नसही बदलले. ज्या चिवड्याला आपण पिढीजात म्हणतों त्यांतली मिरची, शेंगदाणे आणि काजू हीं तिन्ही मूळचीं अमेरिका खंडांतलीं. पोर्तुगीज या किनाऱ्यावर आल्यानंतरच, म्हणजे १४९८ नंतर, तीं आपल्याकडे रुजलीं. तेव्हां फराळ मांडण्याची रीत थोडी बदलली तर परंपरेवर घाला पडेल, अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं.

किंबहुना परंपरेकडूनच आपल्याला एक गोष्ट उसनी घेतां येईल. गोमंतकांत नरकचतुर्दशीच्या पहांटे नरकासुराच्या प्रतिमेचें दहन होतें, स्नानाच्या वेळीं कारीट पायाखालीं फोडतात, आणि मग घरोघर पोहे होतात: दह्यांतले, गुळाखोबऱ्याचे, नारळाच्या रसांतले, फोडणीचे. ते ताजे, ओलसर आणि पोटाला हलके असतात. आपल्या शहरी बशींत उणीव आहे ती नेमकी याच ओलाव्याची. बशींतला प्रत्येक पदार्थ एकतर तळलेला, नाहींतर तुपांत भाजलेला. चार घांसांनंतर जीभ बोथट होते ती यामुळेंच. पाहुणा नको म्हणतो तो नेहमीं शिष्टाचारानें म्हणतो असें नाहीं. त्याच गोमंतकांत ख्रिस्ती कुटुंबें नाताळांत नेवऱ्या, दोदोल, बेबिंक अशा जिनसांचें तबक भरून शेजाऱ्यांकडे पाठवितात, त्यांत हिंदु शेजारीही असतात, आणि दिवाळींत तिकडून फराळ उलट जातो. नेवरी म्हणजे आपल्या करंजीचीच बहीण. एकाच तबकांत अनेक चवी शेजारीशेजारी मांडण्याचें कसब त्या घरांतून पाहून घेण्यासारखें आहे.

आतां तबकांत काय असावें? दहा जिन्नस हवेतच असा हट्ट मी धरणार नाहीं. पांच पुरेत: एक कुरकुरीत, एक सुटा चिवड्यासारखा, एक लाडू, एक नाजूक गोड, म्हणजे करंजी किंवा चिरोटा, आणि एक ताजा ओला. पण हे पांच उत्तम असावेत. त्यांतही पाहुण्याचा हात पहिल्यानें जातो तो चकलीकडे, आणि घराची परीक्षाही तिच्यावरूनच होते, म्हणून तिच्याविषयीं थोडें विस्तारानें सांगतें.

चकलीचें मर्म भाजणींत आहे. तांदूळ, त्यांच्या निम्मी हरभऱ्याची डाळ, तिच्या निम्मी मुगाची आणि त्याहून थोडी कमी उडदाची. वर धणे आणि जिरें. प्रत्येक धान्य वेगळें, मंद विस्तवावर भाजावें, कारण प्रत्येकाला वेळ निराळा लागतो. एकत्र भाजल्यास उडीद करपतो आणि तांदूळ कच्चा राहतो. पीठ भिजवितांना कडकडीत मोहन घालतात. तें कमी पडलें तर चकली दांताखालीं दगडासारखी लागते, आणि अधिक झालें तर तेलांत पडतांच तिचे वळसे सुटतात. म्हणून सगळें पीठ एकदम भिजवूं नये. मूठभर भिजवून एक चकली तळून पाहावी आणि मग पुढें जावें.

तळण म्हणजे पिठांतलें पाणी वाफेच्या रूपानें बाहेर घालविणें. कढईंत चकलीभोंवतीं जे बुडबुडे उठतात ते तेलाचे नव्हत. ती आंतल्या पाण्याची वाफ. बुडबुडे जोरांत येत आहेत तोंवर आंत पाणी आहे, आणि ते मंदावून आवाज शांत झाला कीं चकली झाली. रंगावर विसंबून राहणाऱ्यांची फसगत होते ती येथेंच. आंच मोठी ठेवली कीं बाहेरून सुरेख तांबूस रंग चढतो, पण गाभा ओला राहतो. डब्यांत भरल्यावर तें आंतलें पाणी हळूहळू कडेकडे येतें, आणि काल खुसखुशीत असलेली चकली आज वातड होते. मग दोष डब्याच्या झांकणाला! झांकणाचा दोष एकाच बाबतींत खरा: चकली गरम असतांना तें लावलें, तर वाफ आंत कोंडून तिचें पाणी होतें. पूर्ण निवल्याखेरीज कोणताही तळलेला जिन्नस डब्यांत भरूं नये.

पाण्याचा हाच विचार तबक मांडतांना करावयाचा आहे. ओल्या नारळाची करंजी किंवा रवा-नारळाचा लाडू चकलीला टेकून ठेवला, तर तासाभरांत चकली त्याच्यातला ओलावा ओढून घेते. म्हणून कोरडे जिन्नस एका बाजूस, ओलसर दुसऱ्या बाजूस, आणि मध्यें चिवड्याची खोलगट वाटी. त्या वाटींत लांब दांड्याचा चमचा असलाच पाहिजे, कारण चिवडा हाच एक जिन्नस असा आहे कीं, त्यांत सर्वांना बोटें घालण्याचा मोह होतो. लाडवांखालीं केळीच्या पानाचा तुकडा ठेवावा, म्हणजे त्यांचें तूप शेजारी जाणार नाहीं. चिरोटे एकावर एक रचूं नयेत. वरचा खालच्याचे पदर मोडतो. अनारसे केले असतील तर ते तळल्यावर चाळणींत कडेवर उभे करून तूप निथळून घेतलेले असावेत. जातां जातां अनारशांविषयीं एक शब्द. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलींत सुकवून, किंचित ओलसर असतांनाच कुटून, गुळांत कालवून मुरवत ठेवावयाचे. एवढा खटाटोप करूनही तुपांत सोडतांच अनारसा कधींकधीं हंसतो, म्हणजे पसरून विरतो. पिठांत गूळ अधिक झाल्याचें तें लक्षण. थोडी तांदुळाची पिठी मिसळली कीं त्याचें हंसणें थांबतें. ज्यांना हें साधतें त्यांनीं तो अवश्य मांडावा, न साधणाऱ्यांनीं त्यासाठीं झुरूं नये.

लाडू आवळ्याएवढे वळावेत. ही सूचना ऐकून कांहीं जणींच्या कपाळाला आंठ्या पडतील, कारण मोठा लाडू हें मोठ्या मनाचें चिन्ह समजतात. पण मोठा लाडू मोडावा लागतो, आणि मोडलेला लाडू अर्धा राहतो. आवळ्याएवढा लाडू एका घांसांत संपतो; आवडला तर मनुष्य दुसरा घेतो, आणि करणारीला त्या दुसऱ्या लाडवाचा जो आनंद होतो तो टाकलेल्या मोठ्या लाडवानें खचित होत नाहीं.

तबक एकदम शिगोशीग भरूं नये. सहा माणसें असलीं तर आठदहा लहान लाडू, तितक्याच चकल्या, सहा करंज्या आणि दोन वाट्या चिवडा एवढें मांडावें; डबा आंत भरलेला आहेच. मुंबईसारख्या किनाऱ्यावरच्या गांवीं दिवाळीच्या सुमारास हवा अजून दमट असते, आणि उघडा ठेवलेला चिवडा तेथें पाहतां पाहतां मऊ पडतो. पुण्याकडे कोरड्या हवेंत तो थोडा अधिक तग धरतो. दोन्हीकडे थोडें थोडें मांडून पुन्हां भरणें हेंच बरें. तबक रिकामें दिसूं लागलें कीं पाहुणा हात आंखडतो, तेव्हां त्याचा तळ दिसण्यापूर्वींच उठावें.

ताजा ओला जिन्नस तबकाबाहेर, निराळ्या वाट्यांत ठेवावा. काकडीच्या फोडी, डाळिंबाचे दाणे, पेरू किंवा मोसंबीच्या फोडी हीं या दिवसांत सहज मिळतात. लहान वाट्यांतून दहीपोहे दिले तर फारच उत्तम. मात्र येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. सणाला म्हणून वडिलोपार्जित पितळी तबक माळ्यावरून काढलें जातें. घासून तें सोन्यासारखें चकाकतें, परंतु आंतली कल्हई उडालेली असेल तर त्यांत दही, लिंबू, आंबट फळें असें कांहीं ठेवूं नये; आंबटाचा त्या धातूशीं संयोग होऊन पदार्थ कळकतो आणि पोटालाही बाधतो. कोरडा फराळ पानावर मांडण्यास तेंच तबक निर्धास्त वापरावें. आंबटासाठीं कांचेच्या, चिनीमातीच्या किंवा स्टीलच्या वाट्या आहेतच.

पेयाचें थोडक्यांत सांगतें. चहा लाडवाबरोबर देऊं नये. गोडावर तो फिका लागतो, मग आणखी साखर मागितली जाते. आधीं ताक किंवा कोकमाचें सरबत ठेवावें, आणि चहा अगदीं शेवटीं, चकली-चिवड्याच्या संगतीनें.

राहिला प्रश्न श्रमाचा. अनारशांचें पीठ आणि भाजणी आठदहा दिवस आधीं, बेसनाचे लाडू व शंकरपाळे त्यानंतर, चिवडा व चकल्या वसुबारसेच्या आगेंमागें, आणि ओल्या नारळाचें जें असेल तें ज्या दिवशीं पाहुणे यावयाचे त्याच दिवशीं, असा क्रम ठेवल्यास एकाच रात्रीं सर्व अंगावर येत नाहीं. दोन जिन्नस विकत आणले तरी कमीपणा नाहीं. शहरांतून महिलांचे बचत गट घरगुती फराळ करून विकतात, परदेशींही तो जातो. तो करणारीही कोणाच्या तरी घरची गृहिणीच असते. आणि कढईपाशीं उभें राहण्याचें काम बायकांचेंच, हें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे तें मला माहीत नाहीं. करंज्या भरतांना घरांतल्या पुरुषांनीं व मुलांनीं पाटाभोंवतीं बसावें. एकानें लाटावें, एकानें भरावें, एकानें कातावें. लाटलेल्या पाऱ्यांवर ओलें फडकें टाकण्याचें काम तर सहा वर्षांचें मूलही करील. तबक मांडल्यावर यजमानीणही पाहुण्यांत येऊन बसूं शकते, कारण तिला सहा बशा भरावयास आंत उभें राहावें लागत नाहीं. पुष्कळ घरांतून ती बिचारी पाहुणे उठण्याच्या वेळीं पदराला हात पुशीत बाहेर येते, आणि "बसा ना थोडें" म्हणते!

एका घरीं मात्र हें तबक उपयोगाचें नाहीं. ज्या कुटुंबांत वर्षाच्या आंत कोणी दगावलें असेल, तेथें पुष्कळांकडे त्या दिवाळींत तळण होत नाहीं. फराळ आप्तेष्ट आणि शेजारी नेऊन देतात. त्या घरीं थाटमाट नेऊं नये. साध्या झांकणाच्या डब्यांत, थोडें, पण आपल्याकडचें सर्वांत चांगलें असेल तें भरावें. त्या घरीं लहान मुलें असलीं तर लाडू चार अधिक घालावेत. दारांतून परत फिरूं नये, दहा मिनिटें बसावें. डबा रिकामा परत करूं नये अशी आपल्याकडे रीत आहे, आणि दुःखांत असलेल्या घराला त्या रीतीचा भार होतो. म्हणून डबा देतांनाच सांगून टाकावें कीं, तो सावकाश द्या, आणि चिमूटभर साखर घालून दिलात तरी तो आम्हांला भरलेलाच आहे.